दिवे बंद करा म्हणणाऱ्यांना खराडीतून उत्तर

मार्च उलटला की पुण्याच्या खराडीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी फिरू लागते. खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करा, टीव्ही भिंतीवरच्या बटणावरून बंद करा, चार्जर प्लगमध्ये ठेवू नका, एसी चोवीसवर ठेवा. खाली कमिटीतल्या कुणाचा तरी शेरा असतो की वीजबिल हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, ज्यानं त्यानं आपल्या सवयी सुधाराव्यात. यादीशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या शेऱ्याशी. तो चुकीचा आहे, आणि त्याच्यावर विश्वास ठेवून इथली हजारो कुटुंबं दर महिन्याला नको तेवढे पैसे भरत आहेत.

शिवाय या उपदेशाचा भार कुणावर पडतो तेही बघा. बटणं बंद करत फिरायचं काम घरातल्या बाईच्या आणि सकाळी येणाऱ्या मावशींच्या वाट्याला येतं. बिल वाढलं की बोल त्यांनाच. ज्यांनी इमारत बांधली, ज्यांनी बिनछज्ज्याच्या काचा बसवल्या, जे तिचा कॉमन मीटर सांभाळतात, त्यांना कुणी काही विचारत नाही.

आधी आकडे मांडू, कारण या विषयात आवाज पुष्कळ आणि हिशेब थोडा अशी स्थिती आहे. महावितरणच्या 2024-25 च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला पहिल्या 100 युनिटसाठी युनिटमागे 4 रुपये 71 पैसे, 101 ते 300 साठी 10 रुपये 29 पैसे, 301 ते 500 साठी 14 रुपये 55 पैसे आणि 500 च्या पुढे 16 रुपये 64 पैसे असा दर होता. वर प्रत्येक युनिटला 1 रुपया 17 पैसे वहन आकार, मग स्थिर आकार, इंधन समायोजन आणि एकूण रकमेवर 16 टक्के वीज शुल्क. त्यानंतर वीज नियामक आयोगाने दरांत फेरफार केले, पण पायऱ्यांची रचना तीच राहिली. 2024-25 च्या दरानं महिन्याचे पहिले 100 युनिट शुल्कासह सातशे रुपयांच्या आत बसतात आणि तिसऱ्या पायरीवरचे 100 युनिट अठराशेच्या वर जातात. एकशे एकावं युनिट पडलं की सगळं बिल महाग दराने लागतं, अशी एक समजूत अजून ऐकू येते. ती खरी नाही. वाढीव दर त्या पायरीवरच्या युनिटनाच लागतो. म्हणूनच वरच्या पायरीवरचं युनिट वाचवण्यात खरा पैसा आहे.

आता त्या यादीतला दिवा घ्या. नऊ वॅटचा एलईडी बल्ब रोज पाच तास विनाकारण जळत राहिला तर महिन्याला सव्वा-दीड युनिट जातात. दुसऱ्या पायरीच्या दराने शुल्कासह झाले अठरा रुपये. जरूर वाचवावेत. पण अठरा रुपयांसाठी घरात रोज कटकट करायची आणि हजारांच्या गळतीकडे पाठ फिरवायची, याला काटकसर म्हणत नाहीत.

त्याच खोलीतला पंखा बघा. जुना पंखा पूर्ण वेगावर 75 वॅटच्या आसपास घेतो. चौदा तास चालला तर महिन्याला एकतीस-बत्तीस युनिट. बीएलडीसी मोटरचा पंखा तेच काम 28 ते 35 वॅटमध्ये करतो. एका पंख्यामागे सतरा ते वीस युनिट वाचतात, म्हणजे महिन्याला सव्वादोनशे ते अडीचशे रुपयांच्या आसपास. उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून हे पैसे वाचवता येत नाहीत. पंखा बदलावाच लागतो.

सवय आणि साधन यांतला हा फरक कमिटीच्या शेऱ्यात हरवला आहे. देशानं तो एकदा पाहिलेला आहे. 2015 मध्ये उजाला योजना आली. सरकारी कंपनीनं एलईडी बल्ब एकदम प्रचंड संख्येनं खरेदी केले, किमती कोसळल्या आणि 36 कोटींहून अधिक बल्ब घरोघरी गेले. त्याआधी कित्येक वर्षं आपण शाळेच्या भिंतींवर वीजबचतीची सुवचनं रंगवत होतो. घराघरांतला दिव्याचा खर्च उतरला तो मात्र कुणीतरी एकत्र खरेदी केली म्हणून. ऐंशी फ्लॅटच्या सोसायटीत घरटी चार पंखे धरले तर तीनशे वीस पंखे होतात. एवढी मागणी घेऊन वितरकाकडे गेलं तर भाव पाडून मिळतो. गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींना हे काम अवघड नाही. पण ते कमिटीनं आपलं मानलं पाहिजे.

एसीचं म्हणाल तर यादी अर्धी बरोबर आहे. तापमान एक अंशानं वाढवलं की विजेत सुमारे सहा टक्के बचत होते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो, आणि 2020 पासून नव्या एसींचं मूळ तापमान चोवीसवर ठेवणं बंधनकारक आहे. सोळावर ठेवल्यानं खोली लवकर थंड होते हा भ्रम आहे. मशीन तेवढ्याच जोरानं चालतं, फक्त थांबायचं विसरतं. हे सगळं मान्य. पण खराडीत एसी एवढा लागतो का, हा प्रश्न यादी विचारत नाही.

1997 मध्ये हे गाव महापालिकेत आलं तेव्हा मुळा-मुठेच्या काठानं शेती होती. आज ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या काचेच्या भिंती आहेत आणि त्यांच्याभोवती वीस-पंचवीस मजल्यांची घरं. हवामान खात्याच्या नोंदींत शेजारच्या वडगाव शेरीचं आणि नदीपलीकडच्या मगरपट्ट्याचं रात्रीचं तापमान शिवाजीनगरपेक्षा बरेचदा चढं असतं. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उष्णता सोडतं, आणि प्रत्येक एसी आपल्या खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या बाल्कनीकडे फेकतो. अशा ठिकाणी बिल्डरनं पश्चिमेच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत काच लावली, वर छज्जा ठेवला नाही, आणि शेवटच्या मजल्यावरच्या माणसाच्या डोक्यावर काळपट वॉटरप्रूफिंगचा उघडा स्लॅब ठेवला. त्या माणसाला एसी बंद ठेवायला सांगणं निर्दयपणाचं आहे.

जुन्या पुण्यातल्या इमारतींच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझॅक असायचं. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची ती गच्ची मे महिन्यातही ऊन परतवायची. आमच्याकडच्या टॉवरांच्या गच्च्यांवर ते नाही. पांढरा उष्णतारोधक रंग द्यायला फार खर्च येत नाही, पण तो शेवटच्या मजल्यावरच्यांचा खासगी प्रश्न ठरतो आणि सभेत विषय उडतो. गच्ची सगळ्यांची, गळती झाली तर दुरुस्तीचा खर्च सगळ्यांचा, मग तिच्यातून घरात उतरणारी उष्णता एकट्याची कशी?

आणि काचेचं काय? खोलीच्या आतला पडदा फारसा उपयोगाचा नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. ते बाहेरच अडवायला हवं. बाल्कनीत बांबूची चिक सोडली, हिरवी शेडनेट बांधली, तर संध्याकाळी खोलीतला फरक हाताला कळतो. पण चिक लावली की दुसऱ्या दिवशी फॅसिलिटी मॅनेजरची नोटीस येते: एलिव्हेशन बिघडतं. बाल्कनीच्या कठड्यावर कपडे वाळत घातले तरी तीच नोटीस. मग लोक ड्रायर घेतात, आणि हीटरवर चालणारा ड्रायर एका फेरीत दोन-तीन युनिट सहज खातो. वर्षातले आठ महिने फुकट, रखरखीत ऊन पडणाऱ्या शहरात आपण विजेवर कपडे वाळवतो, कारण खालून बघणाऱ्याला दोरी दिसू नये. नियम कमिटीनं केला, बिल मात्र घरच्या सवयींच्या खात्यावर मांडलं गेलं. एकसारख्या रंगाच्या चिका ठरवून द्या, कठड्याच्या उंचीखाली दोरी बांधायची परवानगी द्या. इमारतीची शोभा तेवढ्यानं कमी होत नाही.

इथवर घरातल्या मीटरची गोष्ट झाली. माझा मोठा आक्षेप मात्र दुसऱ्या मीटरबद्दल आहे, जो तळमजल्याच्या पॅनेल रूममध्ये असतो आणि ज्याचं बिल बहुतेक सभासदांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं.

सोसायटीचे पंप, लिफ्ट, पार्किंगचे दिवे, सांडपाणी शुद्ध करणारं एसटीपी या सगळ्यांना घरगुती दरच लागतो. ऐकायला हे बरं वाटतं. पण पायऱ्या आठवा. ऐंशी घरांचा हा एकत्र वापर एका-दोन मीटरवर पडतो, त्यामुळे पहिले 500 युनिट महिन्याच्या पहिल्या दोन-चार दिवसांतच संपतात आणि उरलेला महिना सगळ्यात वरच्या पायरीवर जातो. 2024-25 च्या दरानं वहन आकार आणि शुल्क धरून युनिटला वीस रुपयांच्या वर. घरातलं युनिट तेरा रुपयांना पडत असेल तर जिन्यातलं वीसला पडतं, आणि तेही तुम्हीच भरता. फरक इतकाच की तिथे ते मेंटेनन्स या नावाखाली लपतं.

बेसमेंटच्या पार्किंगमध्ये अठरा वॅटच्या शंभर एलईडी नळ्या चोवीस तास चालू आहेत असं धरा. महिन्याला जवळजवळ 1,300 युनिट, म्हणजे सव्वीस हजारांहून अधिक रुपये. मध्यरात्री अडीच वाजता तिथे फक्त उभ्या गाड्या असतात. हालचाल टिपणारे सेन्सर बसवले आणि वाटेवरच्या थोड्या नळ्या तेवढ्या चालू ठेवल्या, तर यातला मोठा भाग वाचतो. एसटीपीचा पाच अश्वशक्तीचा ब्लोअर थांबवला नाही तर महिन्याला 2,700 युनिटच्या आसपास घेतो. वरच्या दरानं पंचावन्न हजार. टाकीतल्या जिवाणूंना हवा लागते, तेव्हा तो मनाला येईल तेव्हा बंद करू नका. पण दिवसभर अर्धी घरं ऑफिसात असताना आणि रात्री सगळे झोपलेले असताना सकाळी आठइतकीच हवा कशाला, हे जाणकार चालकाला विचारा. टायमर आणि प्राणवायू मोजणारं यंत्र त्यासाठीच असतं. नुसते हे दोन खर्च ऐंशी घरांत वाटले तरी घरटी महिन्याला हजार रुपये होतात. अठरा रुपयांच्या बल्बशेजारी हे हजार ठेवून बघा.

पाण्याचं तसंच. खराडी आणि नगर रस्त्याचा हा पट्टा टँकर ओळखून आहे. टँकरचं पाणी तळटाकीत, तिथून वीस मजले वर, वापरलेलं एसटीपीत, तिथून फ्लशसाठी पुन्हा वर. सत्तर मीटर उंचीवर हजार लिटर चढवायला साधारण पंप अर्ध्या युनिटच्या जवळपास घेतो. नळांना एरेटर बसवणं, गळका फ्लश लगेच दुरुस्त करणं ही पाणीबचत म्हणून सांगितली जाते. उंच इमारतीत ती वीजबचतही आहे. आणि गच्चीवरच्या टाक्या रात्री भरायच्या की दुपारी, हे वॉचमनच्या सोयीवर सोडू नये. दुपारी का, ते पुढे येतं.

गच्चीवरच्या सौर पॅनेलचा विषय काढला की चार आक्षेप हमखास येतात. पहिला, टॉवरची गच्ची लहान, घरं जास्त, सगळ्यांना वीज पुरणार नाही. खरं आहे, पुरणार नाही. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि गरम पाण्याचे सौर संच वगळले तर ऐंशी फ्लॅटच्या इमारतीवर वीसेक किलोवॅट बसतील. पण ते घराघरांत वाटायचेच नाहीत. कॉमन मीटरला जोडायचे. वर्षाची सरासरी धरली तर एक किलोवॅट दिवसाला चार युनिट देतो. वीस किलोवॅटचे महिन्याला 2,400 युनिट झाले, आणि हे नेमके वीस रुपयांच्या पायरीवरचे युनिट आहेत. महिन्याला सुमारे पन्नास हजार रुपये.

दुसरा आक्षेप, पैसे कुठून आणायचे. उंच सांगाड्यासकट किलोवॅटला पासष्ट हजार धरले तर तेरा लाख. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांना कॉमन वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे 3 लाख 60 हजार. उरले 9 लाख 40 हजार. घरटी बारा हजारांच्या आत, आणि दीड-दोन वर्षांत वसूल. लॉबीच्या इटालियन मार्बलसाठी याहून मोठी वर्गणी बिनविरोध मंजूर झालेली मी पाहिली आहे.

तिसरा, पावसाळ्यात काय? उत्पादन घटतं, पण सरासरीत ती घट धरलेली आहे, आणि नेट मीटरमुळे जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात. दुपारी पंप चालवायचा मुद्दा इथे येतो. ऊन असताना गच्चीवरची टाकी भरून ठेवली की दिवसाची वीज दिवसाच वापरली जाते. दिवसाच्या वापराला आता दरपत्रकातही मोल आहे: 1 जुलै 2025 पासून टीओडी, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणारा, मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटला 80 पैशांपासून सवलत सुरू झाली आणि ती टप्प्याटप्प्यानं एक रुपयापर्यंत जाणार आहे.

चौथा आक्षेप भाडेकरूंचा. खराडीत आयटीमुळे भाड्यानं राहणारी घरं पुष्कळ. मालक बंगळुरूत किंवा परदेशात असतो. तो स्वस्तातला एसी आणि गिझर लावून देतो, बिल भाडेकरू भरतो. त्यामुळे चांगलं साधन घेण्यात दोघांपैकी कुणालाच रस नसतो. इथे सवयींचा उपदेश सर्वांत फोल ठरतो. भाडेकरूनं बीएलडीसी पंखे स्वतः घ्यावेत आणि घर सोडताना काढून न्यावेत. करारनाम्याच्या वेळी पंचतारांकित एसी मागावा आणि त्यासाठी भाड्यात दोन-तीनशे जास्त देण्याची तयारी ठेवावी. आणि मालकांनो, सौर प्रकल्पाच्या मतदानाला तरी ऑनलाइन हजर राहा. तुमच्या गैरहजेरीत तुमच्या भाडेकरूचा मेंटेनन्स वाढतो आणि तो शेवटी तुमच्या भाड्यातून कापला जातो.

सवयींचा मुद्दा मांडणाऱ्यांशेजारी आणखी एक गट आहे, जो म्हणतो की काहीही करा, मीटरच पळतो आणि सरकार दर वाढवतंच. मीटरची शंका असेल तर ती पाच मिनिटांत तपासता येते. घरातला मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा बघा. तो तरीही लुकलुकत असेल तर मीटरमध्येच दोष आहे किंवा मीटर आणि मेन स्विच यांच्या मधे कुठेतरी वीज जाते आहे. लेखी तक्रार करून मीटर तपासणी मागा. नंतर मेन चालू करून एकेक उपकरण सुरू करा. मीटरवर 3200 इम्प असं लिहिलं असेल तर त्या दिव्याच्या 3,200 उघडझापी म्हणजे एक युनिट. गिझर लावल्यावर तो दिवा किती घाईनं लुकलुकतो ते एकदा मुलांना दाखवा. सुवचनापेक्षा ते लक्षात राहतं.

आणि दर? ते आयोग ठरवतो, सूचना-हरकती मागवतो, जनसुनावण्या घेतो. त्या पुण्यातही होतात. नव्वदच्या दशकात एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या वीजखरेदी कराराचा हिशेब पुण्यातल्याच 'प्रयास' संस्थेत गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आणि तो करार ग्राहकांना किती महाग पडेल हे आकड्यांनी दाखवलं. बलाढ्य कंपनीसमोर मूठभर माणसांना कागद-पेन्सिल घेऊन उभं राहता आलं. आयटी पार्कात दिवसभर एक्सेल चालवणाऱ्या आमच्या सोसायट्यांना स्वतःच्या पॅनेल रूमचं बिल वाचता येऊ नये, हे मला पटत नाही.

मी सवयींच्या विरोधात नाही. माझ्या घरात दिवे बंदच होतात. पण खराडीच्या टॉवरमध्ये राहणाऱ्या कुटुंबाच्या वीजखर्चाचा मोठा भाग गच्ची, काचा, पंप, ब्लोअर आणि सोसायटीचे नियम ठरवतात, आणि यांतल्या एकाही गोष्टीचं बटण त्या कुटुंबाच्या भिंतीवर नाही. ते सभेच्या ठरावात आहे. ठराव करायचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी घरातल्या बाईला बल्बवरून ऐकवू नये.

सहकारी सोसायट्यांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेत कॉमन मीटरचा विषय यावा म्हणून सेक्रेटरींना आत्ताच लेखी द्या. मागच्या बारा महिन्यांची कॉमन मीटरची बिलं मागा. सभासद म्हणून ती बघण्याचा तुम्हाला हक्क आहे. मीटर अजून बिल्डरच्या नावावर असेल तर तो आधी सोसायटीच्या नावावर करून घ्या, नाहीतर अनुदानाचा आणि नेट मीटरचा अर्ज तिथेच अडेल. आणि सभेला नवरा-बायको दोघंही जा.